मदत हवी आहे : कूलंट कमी होत आहे, पण गळती सापडत नाही

नमस्कार.

मी नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहते. आमची २०१५ सालची डिझेल हॅचबॅक १,१८,००० किलोमीटर चालली आहे. गेल्या दीड महिन्यापासून तिच्यातील कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) हळूहळू कमी होत आहे आणि गाडीखाली मात्र एक थेंबही दिसत नाही. वडिलांना तपासणीसाठी दर महिन्याला मुंबईला न्यावे लागते. पुढची तारीख बारा दिवसांवर आली असून त्याआधी गळती नेमकी कुठून होते हे मला कळायला हवे आहे.

मागच्या खेपेला मुंबईहून परतताना, कसारा घाटात एका ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये चढत असताना, तापमानाचा काटा नेहमीची जागा सोडून वर सरकू लागला. मी एसी बंद केला, हीटर पूर्ण सोडला आणि काटा थोडा उतरल्यावर कशीबशी इगतपुरी गाठली. बाबांनी आधीच बजावले होते, "झाकणाला हात लावू नकोस, इंजिन निवू दे." पाऊण तास थांबून बोनेट उघडले, तर कूलंटच्या टाकीतील पातळी खालच्या रेषेच्याही दोन बोटे खाली होती.

तेव्हापासून टाकीवर पांढरी चिकटपट्टी लावून, रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी, गाडी त्याच सपाट जागेवर उभी असताना पातळीची खूण करते आणि जेवढे भरावे लागते तेवढे मापाने मोजून भरते. शहरातल्या शहरात आठवडाभरात सुमारे १२० किलोमीटर झाले, त्यात ६० मिलिलिटर कमी झाले. गेल्या रविवारी सप्तशृंगगडावर जाऊन आले. अंतर जवळपास तेवढेच, पण नांदुरीचा घाट चढून आल्यावर एका दिवसात १५० मिलिलिटर भरावे लागले.

घाटातून आल्यावर गोडसर वास येतो. बाहेरची हवा आत घेण्याचे बटण चालू असले तरच तो येतो. आतलीच हवा फिरती ठेवली की जवळजवळ जातो. पुढच्या प्रवाशाच्या पायाखालचा गालिचा कोरडा आहे. एसीचे पाणी डाव्या बाजूला पडते, ते मी बोटांवर चोळून पाहिले. ते स्वच्छ पाणीच आहे, कूलंटसारखे बुळबुळीत नाही. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साका नाही, धूर पांढरा नाही आणि इंजिन चालू असताना टाकीत बुडबुडेही येत नाहीत. रेडिएटरचे होज पाइप आणि त्यांच्या क्लिपा वरून दिसतात तेवढ्या कोरड्या आहेत.

एका गॅरेजमध्ये दाखवले, तर पाच मिनिटांत "हेड पॅकिंग गेले, हेड उतरवावे लागेल" असे सांगितले (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग आणि पॅकिंग म्हणजे त्याच्या सांध्यातील सील). खर्च मोठा आहे, पण त्याहून मला हे खटकले की त्यांनी कोणतीही चाचणी घेतली नाही. दुसऱ्या ठिकाणी रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा सल्ला मिळाला. तो मी मानला नाही, कारण जी वस्तू छिद्र बुजवते तीच रेडिएटरच्या आणि हीटरच्या अरुंद नळ्याही बुजवू शकते.

वरील लक्षणांवरून हेड उतरवण्याआधी कोणत्या क्रमाने तपासणी करून घ्यावी? ज्यांनी अशी न दिसणारी गळती शोधली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद :

ताई, हेडची घाई केली नाहीत हे योग्यच झाले. उत्तराचा अर्धा भाग आपल्या नोंदींतच आहे. हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा, गरम कूलंटने आतली हवा तापवणारा छोटा रेडिएटर) फुटला असता तर वास दोन्ही वेळी आला असता आणि काचेवर आतून चिकट धुके धरले असते. वास बाहेरच्या हवेबरोबर येतो, म्हणजे कूलंट बोनेटखाली कुठेतरी गरम भागावर पडून उडून जात असावे. इंजिनाखालचे प्लॅस्टिकचे कव्हर आधी काढायला लावा. थेंब त्यावरच सुकतो, जमिनीपर्यंत येत नाही. मग रात्रभर निवलेल्या गाडीची प्रेशर टेस्ट, म्हणजे कूलंटच्या व्यवस्थेत पंपाने हवेचा दाब देऊन तो टिकतो का हे पाहणारी चाचणी, करून घ्या. कूलंटच्या झाकणावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त दाब देऊ नये आणि किमान अर्धा तास थांबावे, कारण अशी बारीक गळती पाच मिनिटांत हाती लागत नाही. दाब उतरला आणि बाहेर कुठेच ओल दिसली नाही, तरच इंजिनाच्या आत संशय घ्यावा. डिझेल गाडीत तेव्हाही हेडच्या आधी ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर कूलंटने थंड करणारा भाग) तपासावा.

नवी माहिती :

आपले मनापासून आभार. काल अंबडच्या एका गॅरेजमध्ये सकाळी आठ वाजता थंड इंजिनावर प्रेशर टेस्ट केली. झाकणावर १.१ बार लिहिलेले आहे, म्हणून १ बार दाब दिला. पहिली दहा मिनिटे काटा जेमतेम हलला आणि माझा धीर सुटू लागला, पण पंचविसाव्या मिनिटाला तो ०.८ वर होता. खालच्या कव्हरच्या आतल्या बाजूला वाळलेला गुलाबी डाग निघाला, कडेने मिठासारखा पांढरट थर धरलेला. त्याच्या रेषेत वर छोटा आरसा आणि मोबाइलचा उजेड धरला, तेव्हा वॉटर पंपाच्या पोटाशी असलेल्या बारीक छिद्रावर एक थेंब फुगताना दिसला. तो सुटायला जवळजवळ एक मिनिट लागले. ते छिद्र मुद्दामच ठेवलेले असते, असे मिस्त्रींनी समजावले. आतले सील झिजले की कूलंटने बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावे, हा त्याचा उपयोग.

आमच्या गाडीत हा पंप टायमिंग बेल्टवर चालतो. पंपासाठी बेल्ट उतरवावाच लागणार आहे, म्हणून बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनरही नवे बसवून घेत आहे. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मे-निम्मे मिसळून, व्यवस्थेतील हवा काढून भरायचे आणि गाडी ताब्यात घेण्याआधी पुन्हा अर्धा तास तीच चाचणी माझ्यासमोर घ्यायची, असे ठरले आहे. बाबांच्या तारखेपर्यंत त्यानंतर सहा सकाळी मिळतात. चिकटपट्टीवरच्या खुणा पाहून आकडे इथेच लिहीन.