ढग दाटलेले असताना ‘विल’ लिहिले, तर गुण कापला जाणारच

लालपेन (निवृत्त शिक्षिका, गिरगाव)
‘लुक ॲट दोज क्लाउड्स, इट ... रेन’ या रिकाम्या जागेत मुलीने ‘विल’ लिहिले म्हणून शाळेने तिचा एक गुण कापला, अशी तक्रार काल येथे एका पालकांनी केली. ‘गोइंग टू’ काय आणि ‘विल’ काय, दोन्ही भविष्यकाळच, तेव्हा हा भेद म्हणजे निव्वळ छळ आहे, असे त्यांचे म्हणणे. ३३ वर्षे इंग्रजी शिकवलेल्या माणसाला हे वाचून गप्प बसवत नाही. जूनमध्ये दादरच्या पुलावरून काळेकुट्ट आभाळ पाहणारा मराठी माणूस ‘पाऊस पडेल’ म्हणत नाही, ‘पडणार’ म्हणतो; पुरावा डोळ्यांसमोर असला की ‘णार’ येते आणि नुसता अंदाज असला की ‘पडेल’. इंग्रजीतला भेदही याच जातीचा आहे. पक्क्या झालेल्या भेटीला ते ‘आय ॲम मीटिंग’ म्हणतात, आपण ‘उद्या भेटतोय’ म्हणतो; वेळापत्रकातल्या गाडीला ते ‘लीव्हज’ म्हणतात, आपण ‘सुटते’ म्हणतो. मुलांच्या कानात आधीपासून असलेले हे सारे बाजूला सारून ‘विल म्हणजे ईल’ एवढेच घोकून घेतले, तर तो दोष व्याकरणाचा नव्हे.

कांदिवलीचा बाप
तो पालक मीच. बाई, आपले समीकरण फार सोपे आहे आणि म्हणूनच ते फसवे आहे. दाराची घंटा वाजली की इंग्रज ‘आय विल गेट इट’ म्हणतो आणि आपण ‘मी बघतो’ म्हणतो, म्हणजे चक्क वर्तमानकाळ. आपल्या सल्ल्याने माझी मुलगी तिथे ‘आय सी’ लिहून आणखी एक गुण घालवील. ‘उद्या पाणी येणार नाही’ ही तर आधीच ठरलेली गोष्ट, तरी इंग्रजी सूचनेत ‘देअर विल बी नो वॉटर सप्लाय’ असेच छापतात. आईने हाक मारल्यावर आपण ‘आलोच’ म्हणतो, तो भूतकाळ कोणत्या रकान्यात बसवायचा, तेही सांगून टाका.

फोर्टचा जुना कारकून
आपण दोघांनी ‘शॅल’ला जिवंतपणीच सरणावर ठेवले आहे. ‘आय’ आणि ‘वुई’ यांच्यापुढे शॅल, इतरांपुढे विल, आणि निश्चय दाखवायचा असेल तर नेमके उलट, हा नियम जॉन वॉलिस यांच्या १६५३ च्या व्याकरणापासून चालत आलेला आहे. ‘वुई विल पे’ असे लिहिलेले माझे पत्र साहेबांनी तीनदा परत पाठवले होते. आता मात्र कोणीही काहीही लिहितो आणि त्यालाच प्रवाही भाषा म्हणतो.

लालपेन
वॉलिस यांनी नियम सांगितला, पण स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिका यांनी तो कधी फारसा मनावर घेतला नाही. शॅल आज खरोखर ठाण मांडून आहे ते कायद्यात, आणि तेही बंधन म्हणून. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ मध्ये ‘द स्टेट शॅल नॉट डिनाय’ असे आहे आणि मराठी प्रतीत ‘नाकारणार नाही’ असे आहे. म्हणजे येथेही ‘णार’च.

कांदिवलीचा बाप
मग एकच ‘णार’ ढगांसाठी, पाण्यासाठी आणि राज्यघटनेसाठीही चालत असेल, तर त्यावरून इंग्रजीतले तीन प्रकार मुलांनी ओळखायचे तरी कसे?

शुद्धलेखनवाला, मुलुंड
इंग्रजीचे भविष्य राहू द्या. याच पालकांनी काल ‘मी शाळेत जाऊन विचारेल’ असे लिहिले होते. ‘विचारेल’ तो किंवा ती. ‘मी’ असेल तर शेवटी ‘न’ हवा. सगळ्या मुंबईत ‘मी येईल’, ‘मी सांगेल’ ऐकून कान किटले आहेत, आणि हीच मंडळी शाळेला व्याकरण शिकवायला निघतात. मी असे कधीच करेन असे वाटत नाही.

कांदिवलीचा बाप
आमच्या घरी तीन पिढ्या ‘मी करेल’ असेच बोलतात आणि त्यावाचून कोणाचे काही अडलेले नाही. मुलीच्या गुणाविषयी बोलायचे नसेल, तर कृपया दुसरीकडे जा.

फोर्टचा जुना कारकून
मुलुंडकर, जुन्या नियमाने सकर्मक धातूला ‘ई’ लागते, अकर्मकाला ‘ए’. मी करीन, पण मी बसेन. आपण स्वतःच वर ‘करेन’ लिहिले आहे.

शुद्धलेखनवाला, मुलुंड
‘करेन’ आता सर्वत्र रूढ झाले आहे.

कांदिवलीचा बाप
वा! आपले रूढ आणि आमचे अशुद्ध.

लालपेन
तुमचे भांडण चालू द्या. घंटेचे उदाहरण मात्र मी निरुपायाने पालकांच्या पदरात टाकते. त्या क्षणी घेतलेल्या निर्णयाला मराठीत ‘बघतो’ आणि इंग्रजीत ‘विल’ लागते, हे वर्गात वेगळे सांगावे लागते आणि मी स्वतः ते अनेक वर्षे सांगितले नव्हते. ढगांच्या प्रश्नातला गुण मात्र योग्यच कापला गेला.

कांदिवलीचा बाप
आभारी आहे. सोमवारी मी शाळेत जाऊन विचारीन. पाहा, सकर्मकही सांभाळले. गुण परत मिळणार नाही, हे लिहितानाही पुरावा पाहूनच ‘णार’ वापरले आहे.