मदत हवी आहे: ४० बाय १२ चे किती ब्रास? तिघांची तीन उत्तरं, उद्या सकाळी ट्रॉली येणार

बेदाणा_तासगाव
साधं गणित आहे पण डोकं आऊट झालंय. ४० फूट बाय १२ फूट जागा आहे, किती ब्रास होतंय? ब्लॉकवाला म्हणतो ४.८०. ट्रॅक्टरवाला म्हणतो २.८८, म्हणजे तीन ट्रॉल्या लागणार. पुतण्या डिप्लोमाला आहे तो म्हणतो २.४०. एकाच जागेची तीन उत्तरं कशी येतील? यातला फसवतोय कोण तेवढं सांगा. सकाळी सातला ट्रॅक्टर दारात येणार आणि पैसे रोख द्यायचेत. ज्याला माहितीय त्यानंच उत्तर द्या, बाकीच्यांनी टाईमपास नको.

निवृत्त_गणित_शिक्षक
४० × १२ = ४८०. भागिले १०० = ४.८०. ब्लॉकवाल्याचे बरोबर आहे. गणितात उत्तर एकच असते, बाकी दोघांना पुन्हा चौथीत बसवा.

मिरज_साईट
सर १०० नं भागलं ते कशाला भागलं? प्लास्टर, फरशी, पेव्हिंग ब्लॉक असलं तर ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. वाळू, खडी, मुरूम असला तर ब्रास म्हणजे १०० घनफूट. दोन्हीला आपल्याकडं ब्रासच म्हणतात, साईटवर कुणाचा घोटाळा होत नाही कारण समोर काय पडलंय ते दिसतंय. इथं धागावाल्यानं टाकायचंय काय तेच लिहिलं नाही. जाडी पण नाही.

बेदाणा_तासगाव
ट्रॉली येणार म्हणल्यावर मुरूमच असणार की, ट्रॉलीतनं कंदी पेढे येणार आहेत का. खाली मुरूम आणि वर ब्लॉक. जाडी अर्धा फूट. आता तरी सांगा.

मिरज_साईट
मग ब्लॉकवाला पण बरोबर आणि पुतण्या पण बरोबर. ब्लॉक ४.८० ब्रास. मुरूम ४८० गुणिले अर्धा फूट म्हणजे २४० घनफूट, २.४० ब्रास. राहिला ट्रॅक्टरवाला, तर त्यानं सहा इंच म्हणून मोबाईलवर पॉइंट सहा मारलंय. ४८० × ०.६ = २८८. फूट बारा इंचाचा असतो, सहा इंच म्हणजे ०.५. ही चूक लय जण करतात, नऊ इंची भिंतीला ०.९ लावणारे मी स्वतः बघितलेत.

हळद_पेठ_सांगली
फसवतच असणार. मुरूमवाला आणि साधा?

पोवईनाका
यात फसवणं काय नाय ओ. साताऱ्यात आमच्या दुकानात टेबलावरचा मोठा कॅल्क्युलेटर आहे, त्यावर २ + ३ × ४ मारा, २० येतं. तेच मोबाईलवर मारा, १४. दोन्ही चांगले चालू आहेत. टेबलावरचा बटण दाबेल तसं तिथल्या तिथं करत जातो, आधी ५ मग ५ चोक २०. मोबाईल पूर्ण ओळ बघतो आणि गुणाकार आधी करतो. आणि काही टेबलवाल्या मॉडेलवर १०० + १० % दाबलं की ११० येत नाही, १११.११ येतं! कारण ते विकायच्या किमतीवर १० टक्के नफा धरतंय. नवीन पोरगा ठेवला की पहिल्या आठवड्यात हाच घोळ.

निवृत्त_गणित_शिक्षक
२० हे उत्तर चूकच आहे. कंचेभागुबेव नावाचा नियम आहे, कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. आमच्या वेळी पाठ नसला तर वर्गाबाहेर उभे करत. उदाहरण देतो. १२ ÷ ६ चा १/२. इथे 'चा' आधी, म्हणून ६ चा १/२ म्हणजे ३, आणि १२ ÷ ३ = ४. उत्तर फक्त ४.

पोवईनाका
आणि 'चा' च्या जागी × लिहिलं तर? डावीकडून १२ ÷ ६ = २, त्याचं निम्मं १. म्हणजे चिन्ह लिहिलं तर १ आणि 'चा' लिहिलं तर ४. सर, तुम्हीच दोन उत्तरं दिलीत.

निवृत्त_गणित_शिक्षक
ती दोन वेगळी उदाहरणे आहेत. एका उदाहरणाचे उत्तर एकच.

हळद_पेठ_सांगली
मग हे सांगा सर. १ लाखाला २ टक्क्यानं वर्षाचं व्याज किती? शाळेत द.सा.द.शे. म्हणून २ हजार. गावात कुणाला 'दोन टक्क्यानं दे' म्हणा, तो महिन्याचे दोन धरतो, २४ हजार झाले. गावात हे कुणी समजावून सांगत पण नाही, धरूनच चालतात. आणि पतसंस्थेत १२ टक्के फ्लॅट घेतलं तर वर्षाला १२ हजार, तेच १२ टक्के घटत्या शिल्लकेवर महिन्याच्या हप्त्यानं फेडलं तर साधारण ६,६०० च्या आसपास. कागदावर दोन्हीकडं बारा टक्केच लिहिलेलं.

बेदाणा_तासगाव
मी कर्ज मागितलंय का कुणाला??? मुरूम २.४० मागवू का एवढंच सांगा.

कोरेगावचा_पाटील
मुरूम घेताना रॉयल्टीची पावती मागा. गौण खनिज आहे ते. तलाठ्यानं अडवलं तर ट्रॅक्टरवाला हात वर करून मोकळा.

बेदाणा_तासगाव
बरं.

वाळव्याची_लेक
दादा, ४० बाय १२ अख्खी जागा मोकळी आहे का? आमच्या दारात असंच मोजलं होतं आणि मधलं तुळशीवृंदावन वजा करायचंच राहिलं, निम्मी ट्रॉली मुरूम वर्षभर कोपऱ्यात पडून, त्यावर कोंबड्या.

बेदाणा_तासगाव
पाण्याची टाकी आहे जमिनीतली, ८ बाय ६. पण टाकीवर कोण मुरूम टाकतंय ताई, ते वजा होणारच की.

वाळव्याची_लेक
अहो मग ते लिहिलंत कुठं! ४८ गेले, ४३२ राहिले. ब्लॉक ४.३२ ब्रास, मुरूम २.१६.

मिरज_साईट
२.१६ हा बसलेला मुरूम झाला. ट्रॉलीतला भुसभुशीत असतो, पाणी मारून धुमस नाहीतर रोलर फिरवला की खाली जातो. आम्ही सव्वापट धरतो. २.१६ ची २.७० झाली. मुरमात माती जास्त असली तर अजून लागतोय.

पोवईनाका
बघा सर, चौथं उत्तर आलं. पाचवं म्हणलं तरी चालंल.

निवृत्त_गणित_शिक्षक
प्रश्न अपुरा दिला होता, उत्तर वेगळे नाही. विद्यार्थ्याने दिलेली माहिती आधी लिहून घ्यावी, मग काय काढायचे ते लिहावे. ही पद्धत कोणी पाळत नाही.

वाळव्याची_लेक
सरांचं हे मात्र पटलं. आता अजून एक विचारते दादा, राग मानू नका. अर्धा फूट नुसता मुरूम, की ब्लॉकसकट अर्धा फूट? पायरीचं काय?

बेदाणा_तासगाव
ब्लॉकसकट. ब्लॉकच्या वर पायरी एक बोट तरी दिसाय पाहिजे, नाहीतर पावसाचं पाणी सोप्यात येतंय. पायरीपासनं माप घेऊनच अर्धा फूट काढलंय. आता यात काय नवीन?

वाळव्याची_लेक
नवीन हेच की ६० एमएमचा ब्लॉक अडीच इंचाच्या जवळ जातो, त्याखाली एक इंच कच म्हणजे दगडाची बारीक चुरी अंथरतात, मुरमाला उरतात अडीच इंच. ४३२ × अडीच भागिले १२, नव्वद घनफूट. पाऊण ते एक ब्रासच्या मधे, सव्वापट केलं तरी ब्रासला थोडं वर. आणि तुम्ही मागवताय तीन ट्रॉल्या.

हळद_पेठ_सांगली
म्हणलं नव्हतं? फसवणूक.

बेदाणा_तासगाव
ताई तुमच्या तोंडात साखर पडो. म्हणजे एकच ट्रॉली. त्याला आत्ताच फोन लावतो, झोपला असला तरी उठवतो.

मिरज_साईट
थांबा थांबा फोन करू नका. जागा घरापुढची का शेडपुढची? तिथं ट्रॅक्टर येतो का?

बेदाणा_तासगाव
बेदाण्याच्या शेडपुढची. घर शेडला लागूनच आहे. सीझनला भरलेला ट्रॅक्टर येतो की, त्याशिवाय माल जाणार कसा. हे पण सांगाय पाहिजे होतं का?

मिरज_साईट
सगळ्यात आधी तेच सांगाय पाहिजे होतं. भरलेल्या ट्रॅक्टरला ६० एमएम चालणार नाही, ८० घ्या. ८० म्हणजे तीन इंचाला थोडा जास्त, कच धरून सव्वाचार. सहा इंचातले पावणेदोन इंच मुरमाला राहिले. पावणेदोन इंचावर ट्रॅक्टर फिरवला तर पहिल्याच सीझनला चाकाखाली नाली पडते आणि ब्लॉक डुलायला लागतात. जमीन काळी आहे का?

बेदाणा_तासगाव
काळीच. आमच्याकडं दुसरी कुठली असणार.

मिरज_साईट
मग वरनं भर टाकून भागतच नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचा ब्लॉक खालीवर होणारच. कमीत कमी सहा इंच काळी काढून टाका. मग खालपासनं वरपर्यंत एक फूट झालं. त्यातनं ब्लॉक-कचचे सव्वाचार वजा, मुरूम पावणेआठ इंच. ४३२ × पावणेआठ ÷ १२ = २७९ घनफूट. २.७९ ब्रास बसलेला, सव्वापट केला की साडेतीन. एकदम टाकू नका, दोन थरात टाका, प्रत्येक थराला पाणी आणि रोलर. ट्रॉली आतनं किती बाय किती?

बेदाणा_तासगाव
पुतण्यानं मोजलीय. १० बाय ६, उंची २ फूट.

मिरज_साईट
१२० घनफूट. १.२० ब्रास एका ट्रॉलीत, काठोकाठ भरली तर. तीन ट्रॉल्या ३.६० झाल्या. येऊ द्या.

वाळव्याची_लेक
ट्रॅक्टरचं मला माहीत नव्हतं, माझी एक ट्रॉली घरापुढच्या अंगणाची होती. पण काठोकाठ आहे का ते ट्रॉलीत चढून बघा. मधे ढीग आणि कोपरे रिकामे असं आणतात.

पोवईनाका
ट्रॅक्टरवाल्यानं सहा इंचाला पॉइंट सहा लावून, टाकी न वगळून, ब्लॉक न धरून तीन ट्रॉल्या सांगितल्या आणि लागणार पण तीनच. याला काय म्हणायचं सर?

निवृत्त_गणित_शिक्षक
शून्य गुण. रीत चुकली आहे.

हळद_पेठ_सांगली
आम्ही तर उत्तर बघूनच मार्क दिले असते.

बेदाणा_तासगाव
उद्या मुरूम नको म्हणून सांगितलं त्याला, आधी खोदाई. परवा दिवशी ये म्हणलंय, रॉयल्टीची पावती घेऊन. तो म्हणतोय 'मी आधीच तीन म्हणलो हुतो'. ब्लॉकवाल्याला ८० चा रेट सकाळी विचारतो.

कोरेगावचा_पाटील
८० एमएमचा रेट घेताना कच आणि मजुरी धरून का सोडून ते विचारा. आणि जीएसटी वरनं का आतनं. ११८० आतनं असला तर मूळ हजार. ११८० चे १८ टक्के काढून वजा करू नका, ९६७ येतात, ब्लॉकवाला हसतोय.

सावळज_बाग
खोदून निघालेली काळी माती कुणाला देणार आहे का? बागेच्या कडंला बांधावर पाहिजे होती.

बेदाणा_तासगाव
घेऊन जावा की. पण ट्रॉली तुमची आणि भरायला माणसं पण तुमची, आणि दुपारच्या आत उचला, दारात ढीग नको.