मदत हवी आहे: याकोब-एसावचा धडा तरुणांना कसा शिकवू?

सर्वांना सलाम. संडेस्कूलला १३ ते १६ वयाची मुलं आहेत, रविवारी बायबलमधल्या उत्पत्तीचा अध्याय २७ घ्यायचाय. मागच्या वेळी एकीने विचारलं की याकोबाने थोरल्या भावाचा, एसावचा आशीर्वाद मिळवायला हाताला करडांची कातडी बांधून आंधळ्या बापाला फसवलं, वर आईचीच फूस, तरी आशीर्वाद त्यालाच, मग फसवणूक चालते का? प्रश्न अगदी रास्त आहे.

नंतर मामा लाबानाने याकोबालाच फसवून राहेलऐवजी लेआ बायको म्हणून दिली ते सांगून झालं, पुढे याकोबाच्या पोरांनी बकऱ्याच्या रक्तात भाऊ योसेफाचा झगा बुडवून बापालाच फसवलं तेही, पण मुलं म्हणतात आशीर्वाद तर राहिलाच ना. वर्गातल्या दोन चुलतभावांच्या घरी जमिनीचा वाद चालूय, त्यामुळे घरची उदाहरणं नकोत. वेळ अर्धा तास.

शेवट अध्याय ३३ मधल्या एसावच्या मिठीवर करू की ३२ मधल्या याकोबाच्या देवाबरोबरच्या झोंबीवर, आणि तिच्या प्रश्नाला सरळ उत्तर काय देऊ?