रासेयोच्या हिवाळी शिबिराची सूत्रे विद्यार्थ्यांकडे कशी सोपवावीत? सल्ला हवा आहे

माळवाट
नमस्कार. ग्रामीण भागातील आमच्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी म्हणून यंदा माझी नेमणूक झाली आहे. जानेवारीत दत्तक गावी सात दिवसांचे विशेष शिबिर असून ५० स्वयंसेवक येतील, त्यांतले निम्मे दुसऱ्या वर्षाचे आहेत. जुने अहवाल चाळले तेव्हा प्रभातफेरी, श्रमदान, दुपारची व्याख्याने, रात्रीचे सांस्कृतिक कार्यक्रम हे सारे यथासांग पार पडल्याचे दिसले. मात्र लहानमोठा प्रत्येक निर्णय प्राध्यापकांनीच घेतलेला होता. दोन वर्षांत २४० तास सेवा करणाऱ्या मुलामुलींना कामाची आखणी करता यावी आणि आपल्याच वयाच्या सोबत्यांकडून ते करवून घेता यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्यासाठी कोणते काम निवडावे? वनराई बंधारा, म्हणजे मातीने भरलेली पोती रचून ओढ्यात घालायचा तात्पुरता बांध, मनात आहे.

ओढाकाठ
सर, जानेवारीत बंधारा नको. पावसाळा सरताना ओढा वाहता असतो तेव्हाच पोती रचली तर पाणी अडते; आपल्या भागातले बहुतेक ओढे पौषापर्यंत आटलेले असतात. बंधारा पुढच्या वर्षी ऑक्टोबरात, नियमित कार्यक्रमाच्या तासांत घ्यावा. शिबिरासाठी माथ्यावरचे समतल चर (पावसाचे पाणी अडून मुरावे म्हणून उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले चर) किंवा घरांमागचे सांडपाणी जिरवणारे शोषखड्डे योग्य ठरतील.

जुना कार्यक्रम अधिकारी
ओढाकाठ यांच्याशी सहमत आहे, आणि त्यातही समतल चरांची शिफारस करतो, कारण त्या कामात विचार करावा लागतो. दोन समान काठ्या व एक आडवी पट्टी बांधून ए-फ्रेम करायची, शेंड्याला दगड बांधलेली दोरी सोडायची आणि दोरी पट्टीवरच्या मध्यखुणेवर येईपर्यंत एक पाय वरखाली सरकवत उतारावर समपातळीच्या खुणा करत जायचे. हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना डिसेंबरातच गावातल्या जाणकाराकडून शिकू द्यावे आणि शिबिरात त्यांनीच पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवावे. खुणा चुकल्या तर चरात पाणी एका टोकाला धावते आणि बांध फुटतो. म्हणून खोदण्यापूर्वी एका गटाची आखणी दुसऱ्या गटाने तपासावी. उकरलेली माती उताराच्या खालच्या अंगाला टाकायची असते, हेही गटप्रमुखानेच सांगावे. आपण जवळ उभे राहावे, परंतु विचारल्याशिवाय बोलू नये. हे शिक्षकाला फार जड जाते, तरी मी आग्रहाने सांगतो, कारण आपण तोंड उघडताच सगळ्या माना आपल्याकडे वळतात आणि गटप्रमुख नावापुरता उरतो.

अधिकार द्यायचे तर खरे द्यावेत. श्रमदानाची वेळ, गटांची रचना, भाजीपाल्याचा रोजचा खर्च आणि रात्रीची आढावा बैठक हे विद्यार्थ्यांकडे असावे. विहिरी-तळ्यापाशी जाणे, आजारपण आणि मुक्कामाची सुरक्षितता यांचा निर्णय मात्र आपल्याच हाती ठेवावा. ही योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली, तेव्हापासून सेवेतून विद्यार्थ्याची घडण हाच तिचा गाभा आहे. किती मीटर चर खोदले हे अहवालात जरूर लिहावे, पण कोणाला काय करता येऊ लागले हेही तितक्याच तपशिलाने नोंदवावे.

माजी स्वयंसेविका
सर, एक गोष्ट आवर्जून पाहावी. आमच्या शिबिरात भोजन समिती म्हणजे मुली आणि टिकाव-फावडे म्हणजे मुले, अशी वाटणी कोणी न ठरवताच होऊन गेली होती. सगळे गट स्वयंपाकघरात आणि चरांवर आळीपाळीने जातील असे वेळापत्रक आधीच लावावे, आणि चरांवरच्या गटप्रमुखांत मुलीही असाव्यात. ५० जणांचा शिधा काढणे, कणीक किती भिजवायची याचा अंदाज बांधणे आणि उशिरा येणाऱ्यांसाठी भाजी राखून ठेवणे ही नेतृत्वाचीच कामे आहेत, ती मुलांनीही शिकली पाहिजेत. मुलींच्या घरचे मुक्कामाला नाही म्हणतात, तिथे दुसऱ्या वर्षाच्या मुलींना सोबत घेऊन आपण स्वतः पालकांना भेटावे. आधी राहून आलेल्या मुलीच्या शब्दाने आईवडिलांची काळजी पुष्कळ कमी होते.

माळवाट
सर्वांचे आभार. एक अडचण उरते. गटप्रमुख त्याच वर्गातला असेल तर सोबती त्याचे ऐकत नाहीत, त्याचे काय करावे?

जुना कार्यक्रम अधिकारी
गटप्रमुखाची निवड आपण करू नये, डिसेंबरातल्या तयारीच्या कामात जो इतरांना समजावून सांगतो त्याला गटानेच निवडावे. तक्रार आली तर ती रात्रीच्या बैठकीत गटासमोरच मांडायला सांगावी.

गावकरी
आमचे गाव काही वर्षे एका महाविद्यालयाने दत्तक घेतले होते, म्हणून लिहितो. मुले आली की आनंदच होतो, पण काय करायचे हे कोणी विचारत नसे. सर, तुम्ही स्वतः न येता दोन-तीन गटप्रमुखांना शिबिराच्या महिनाभर आधी ग्रामपंचायतीत पाठवा. चर कोणाच्या जमिनीवर येणार, तिथे गुरे चरतात का, पुढे गाळ कोण काढणार, हे त्यांनीच विचारावे आणि जमीनमालकाची संमती लेखी घ्यावी. सरपंचांसोबत बचत गटाच्या बायकांनाही भेटायला सांगा. सांडपाणी कोणत्या गल्लीत तुंबते हे त्या अचूक दाखवतील.