मासा कुठं, माणूस कुठं? सकाळच्या पोस्टला उत्तर

साखरपेठकर: सकाळी एकानं लिहिलं, "माशाच्या अंड्यात केमिकल टाकून माणसाचा कॅन्सर ओळखतात म्हणे, शुद्ध फसवणूक." राहवलं नाही. झेब्राफिश म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा छोटा मासा, त्याचं अंडं काचेसारखं आरपार दिसतं. दिवसभरात हृदय धडधडायला लागतं, ते जिवंतपणी बघता येतं. आपल्या सुमारे 70 टक्के जनुकांची जोडी या माशात सापडते. उंदरांवर कॅन्सरची रीतसर चाचणी म्हणजे दोन वर्षं. डाईंगच्या नाल्याला आज निळा, उद्या मरून रंग. त्या पाण्यासाठी दोन वर्षं उंदीर कोण पाळणार? ते पाणी दिलेल्या अंड्यात डीएनए तुटतोय का, म्हणजे कॅन्सरचा संशय घ्यायचा का, हे चार-पाच दिवसांत कळतं. संशयित तेवढे पुढं मोठ्या चाचणीला पाठवा.

टॉवेलवाला: डीएनए तुटला म्हणजे कॅन्सर झाला का साहेब? बेन्झिडीन या केमिकलपासून केलेल्या रंगांना आपल्या आतड्यातले जंतू फोडतात, तेव्हा अमाइन नावाचं विष सुटतं. कवचातल्या गर्भाकडं ते जंतू कुठून येणार? चाचणी पास म्हणेल आणि कामगार मरेल. रंगधंद्यातलंच दुसरं केमिकल, बीटा-नॅप्थिलअमाइन, त्यानं उंदरांना धड काही होत नव्हतं. ह्यूपर नावाच्या संशोधकानं 1938 साली कुत्र्यांवर दाखवलं, तेव्हा मूत्राशयातल्या गाठी दिसल्या.

साखरपेठकर: आतड्याचा मुद्दा घेतला. मग रंग फुटून जे अमाइन तयार होतं, तेही अंड्यांना देऊन बघा. पण कुत्र्यांचा दाखला माझ्याच बाजूचा झाला की! उंदीरही चुकतो.

बाळीवेस: माशांचं राहू द्या. चार-पाच दिवसांआड पाणी येतं, ते बॅरलमध्ये साठवायचं, शेवटच्या दिवशी तळाला हिरवट गाळ. उजनी भरली तरी तेच. आधी ते पाणी तपासा.

जुळे सोलापूर: तुमच्याकडं प्रेशरनं तरी येतं. आमच्याकडं रात्री दोनला करंगळीएवढी धार. बायका जागून मोटर लावतात, सकाळी परत कामावर.

बाळीवेस: मोटर लावता म्हणूनच आमच्या गल्लीच्या टोकाला थेंब पोचत नाही!

जुळे सोलापूर: शेजाऱ्यानं लावली की आम्ही काय तोंड बघत बसायचं? सगळ्यांच्या काढा, आमची मी स्वतः काढतो. पालिकेत चारदा फोन केला तरी कोणी दाद देत नाही, ते बोला.

विणकराचं पोर: अण्णा, पाण्याचं भांडण दुसरीकडं न्या. माझे बाबा डाईंगला होते. उघड्या हातानं हौदातलं सूत फिरवायचे, नखांच्या कडा कायम जांभळ्या. लघवीतून रक्त आलं तेव्हा उष्णता म्हणून सगळ्यांनी सब्जा प्यायला सांगितला. तपासणीत मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. रंगकामगारांचा हा आजार फ्रँकफर्टच्या रेन नावाच्या सर्जननं 1895 साली मांडला होता. आपल्याकडं असलं अमाइन सोडणाऱ्या बऱ्याच ॲझो रंगांवर बंदी आली 1997 ला. तोवर चाचणी माणसांवरच चालली होती. अंड्यांवर होत असेल तर उद्या सुरू करा.

टॉवेलवाला: बाबांचं ऐकून वाईट वाटलं रे. करा अंड्यांवर, पण फक्त नापास करायला. पासचा कागद दाखवून कुठल्या मालकानं हातमोजे बंद केले, तर पहिला मी भांडायला येईन.

साखरपेठकर: एवढं कबूल. नापास झाला तो रंग हौदात जाणार नाही, हे आधी लिहून घ्या.