घरभर गाणी वाजवायची आहेत: वायरलेस मल्टिरूम स्पीकर निवडायला मदत हवी आहे

माजघर:

नमस्कार मंडळी. घरात चार ठिकाणी गाणी ऐकायची आहेत: हॉल, स्वयंपाकघर, आमची खोली आणि बाबांची खोली. कधी चारही ठिकाणी एकच गाणं, कधी ज्याचं त्याचं वेगळं. मागणी एवढीच, पण जितकं वाचतोय तितका गोंधळ वाढतोय.

आधी घरात काय आहे ते सांगतो. हॉलमध्ये जुना स्टिरिओ अ‍ॅम्प आहे आणि त्याला जोडलेले लाकडी खोक्याचे दोन स्पीकर. अ‍ॅम्पच्या मागे लाल-पांढऱ्या आरसीए सॉकेटच्या जोड्या आहेत, ब्लूटूथ, वायफाय वगैरे काही नाही. आवाज आजही असा आहे की ते काढून टाकायचा विचार करवत नाही. स्वयंपाकघरात एक ब्लूटूथ स्पीकर आहे. त्याला माझा फोन जोडलेला असतो. मी फोन खिशात टाकून पलीकडच्या खोलीत गेलो की गाणं तुटायला लागतं आणि "अरे, फोन इकडे ठेवून जा ना!" अशी हाक येते. मध्येच कुणाचा फोन आला तर गाणं थांबून रिंगटोन अख्ख्या स्वयंपाकघरात वाजते.

फोनमध्ये एकाच वेळी दोन ब्लूटूथ स्पीकर जोडायची सोय आहे, म्हणून मित्राचा स्पीकर आणून तेही करून पाहिलं. मधल्या पॅसेजमध्ये उभं राहिलं की तबल्याची प्रत्येक थाप दोनदा ऐकू येते. एकदा हॉलमधून, एकदा स्वयंपाकघरातून. दोन मिनिटांत डोकं उठतं.

गाणी दोन प्रकारची आहेत. घरातल्या बाकीच्यांचं सगळं स्ट्रीमिंगवर. माझ्याकडे मात्र सीडींवरून उतरवलेल्या फ्लॅक (दर्जा न घालवता लहान केलेल्या) फायलींची मोठी हार्ड डिस्क आहे. त्यात मैफिलींची रेकॉर्डिंग बरीच आहेत आणि एक ट्रॅक संपून दुसरा लागताना मध्ये खंड पडलेला मला चालत नाही. माझा फोन अँड्रॉइड, बायकोचा आयफोन. बाबा फोनवर फक्त बोलतात. त्यांना रेडिओसारखं बटण दाबलं की लागलं पाहिजे, अ‍ॅप उघडा, खोली निवडा हे ते करणार नाहीत आणि त्यांनी करावं अशी माझी अपेक्षाही नाही.

राउटर हॉलच्या एका कोपऱ्यात आहे. आमच्या खोलीपर्यंत दोन जाड भिंती लागतात आणि तिथे व्हिडिओ अधूनमधून गोल गोल फिरत बसतो.

आता प्रश्न. सोनोससारखी एकाच कंपनीची यंत्रणा घ्यावी, की एअरप्ले २ (अ‍ॅपलची) किंवा गूगल कास्ट या फोनवरून स्पीकरवर गाणं लावायच्या पद्धती चालणारे वेगवेगळ्या कंपन्यांचे स्पीकर? जुना अ‍ॅम्प यात बसवता येईल का? आणि टीव्हीचा आवाज स्वयंपाकघरात नेता आला तर फारच छान, बातम्या तिथूनच ऐकल्या जातात. आगाऊ धन्यवाद.

खरखर:

सोनोस घ्या आणि सुटा. आमच्याकडे आहे, विचार करावा लागत नाही.

शून्य डेसिबल:

स्पीकरचं नंतर बघू, आधी वायफायचं बघा. ज्या खोलीत व्हिडिओ अडकतो तिथे कुठल्याही कंपनीचा स्पीकर अडकणार, आणि मग तुम्ही कंपनीला नावं ठेवणार.

वेग हा मुद्दाच नाही. सीडीच्या दर्जाचा आवाज काहीही न दाबता पाठवला तरी सेकंदाला १४११ किलोबिट लागतात. चार खोल्यांत चार वेगळी गाणी लावली तरी सहा मेगाबिटच्या आत. म्हणजे इंटरनेटचा महागडा प्लॅन घेऊन काही साधणार नाही. अडचण येते ती सिग्नल मध्येच गळण्याची. ५ गिगाहर्ट्झला वेग भरपूर असतो पण ते भिंतींपाशी लवकर दम टाकतं. २.४ गिगाहर्ट्झ लांब पोचतं, पण तिथे शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि चालू मायक्रोवेव्ह अशी सगळ्यांचीच गर्दी. स्वयंपाकघरातला स्पीकर मायक्रोवेव्हला चिकटून ठेवू नका, हे गमतीत सांगत नाहीये.

राउटर घराच्या मधोमध आणता येत असेल तर आधी ते करा. नसेल तर मेश (घरभर ठेवायचे, एकमेकांना जोडलेले वायफायचे डबे) घ्या, आणि मेशच्या दोन डब्यांमध्ये लॅनची वायर टाकता आली तर फारच उत्तम. स्पीकर आणि फोन एकाच नेटवर्कवर हवेत. गेस्ट नेटवर्कवर टाकलेला स्पीकर फोनला सहसा दिसतच नाही, आणि लोक त्या पायी स्पीकर परत करतात.

अवांतर: वायरलेस म्हणवणाऱ्या यातल्या बहुतेक स्पीकरना भिंतीतलं सॉकेट लागतंच, बॅटरीवर चालणारे थोडे. खोलीत मोकळं सॉकेट कुठे आहे ते आधी बघून ठेवा.

मंद्रसप्तक:

थाप दोनदा का ऐकू येते ते सांगतो, कारण निवड त्यावरच ठरते.

ब्लूटूथ मुळात एका फोनकडून एका स्पीकरकडे आवाज न्यायला केलेलं. प्रत्येक स्पीकर आलेला आवाज उलगडून वाजवायला आपापला वेळ घेतो, शे-दोनशे मिलिसेकंद सहज. दोन वेगळ्या कंपन्यांचे स्पीकर असले की दोघांचा उशीर वेगळा. मल्टिरूम यंत्रणेत आवाजाच्या प्रत्येक तुकड्यावर तो कधी वाजवायचा याची वेळ लिहिलेली असते. सगळे स्पीकर आपली घड्याळं एकमेकांशी जुळवतात, थोडा आवाज आधीच साठवून ठेवतात आणि वेळ झाली की एकदम वाजवतात.

घड्याळं एकदा जुळवून भागत नाही. प्रत्येक स्पीकरमधल्या घड्याळाचा स्फटिक किंचित पुढे-मागे चालतो. दोघांत दहा लाखांत पन्नास भागांचा फरक धरला तरी तासाभरात १८० मिलिसेकंदांची तफावत पडते. म्हणून चांगली यंत्रणा गाणं चालू असतानाच सतत बारीक दुरुस्ती करत राहते. साधारण तीसेक मिलिसेकंदांच्या आतला फरक कान एकच आवाज म्हणून घेतो. तसाही आवाज हवेतून सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मीटरवरच्या खोलीतला आवाज तुमच्यापर्यंत २९ मिलिसेकंदांनी उशिराच येतो. त्यामुळे जाहिरातीत कुणी मायक्रोसेकंदांची अचूकता सांगितली तर मान डोलावून पुढे चला.

याचाच दुसरा अर्थ असा की टीव्हीचं जमणं कठीण. आवाज आधी साठवायचा म्हटल्यावर तो चित्राच्या मागे पडणारच. एअरप्लेवर गाणं लावलं की दोनेक सेकंदांनी वाजतं, ते याच साठ्यामुळे. स्वयंपाकघरातून टीव्ही दिसत नसेल आणि हॉलमधला आवाज तिथे पोचत नसेल तर नुसत्या बातम्यांना चालून जाईल. दोन्ही आवाज कानावर पडत असतील तर तुमची ती थापच पुन्हा, फक्त या वेळी निवेदकाची.

तुमच्या हार्ड डिस्कबद्दल: विनाखंड ट्रॅक लागणं, ज्याला गॅपलेस म्हणतात, ते सगळीकडे मिळेल असं धरून चालू नका. स्पीकर परत करायची मुदत असताना तुमचीच दोन सलग ट्रॅकची मैफल लावून बघा.

जुनाट:

जुना अ‍ॅम्प बसवता येईल का, हा तुमच्या यादीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो तुम्ही शेवटाकडे टाकलाय.

अ‍ॅम्प आणि लाकडी खोकी कुठेही हलवू नका. त्यांच्या मागे एक छोटा स्ट्रीमर लावा. स्ट्रीमर म्हणजे वायफायवरून गाणं घेऊन आरसीएच्या वायरने अ‍ॅम्पला देणारी डबी. वीम, ब्लूसाउंड, यामाहा अशा कंपन्या ती बनवतात. सोनोसचाही असा प्रकार आहे. अ‍ॅम्पवरच्या ऑक्स किंवा सीडी लिहिलेल्या सॉकेटला जोडायचं. फोनो लिहिलेल्याला नाही, ते तबकडीच्या प्लेअरसाठी असतं आणि तिथे आवाज भयंकर मोठा आणि फाटका येईल.

हे सांगायचं कारण असं की स्पीकर वीस-तीस वर्षं टिकतो, पण त्यातलं सॉफ्टवेअर कंपनीच्या मर्जीवर असतं. काही उदाहरणं देतो, सगळी जाहीर आहेत. लॉजिटेकने स्क्वीझबॉक्स हे आपले घरभर गाणी वाजवणारे प्लेअर २०१२ मध्ये बंद केले. गूगलने क्रोमकास्ट ऑडिओ ही स्पीकरला जोडायची कास्टची डबी २०१५ मध्ये आणली आणि २०१९ मध्ये बंद केली. सोनोसने २०२० मध्ये एस१ आणि एस२ अशी अ‍ॅपची फाळणी केली, त्यामुळे फक्त एस१ चालणारी जुनी पेटी आणि नवी पेटी एका यंत्रणेत नांदत नाहीत. २०२२ मध्ये सोनोसच्या पेटंटच्या भांडणामुळे गूगलला ग्रुपचा आवाज एकदम कमी-जास्त करायची सोय काढावी लागली, तीही लोकांनी विकत घेतलेल्या स्पीकरमधून. २०२४ मध्ये सोनोसचं नवं अ‍ॅप आलं तेव्हा आधीच्या अनेक सोयी त्यात नव्हत्या आणि लोक खवळले. बोसने २०२५ मध्ये साउंडटच या आपल्या स्पीकरची क्लाउड (इंटरनेटवरून चालणारी) सेवा बंद करणार असल्याचं जाहीर केलं.

@खरखर, सोनोस वाईट आहे असं म्हणत नाहीये. वापरायला सोपं, आवाज चांगला. पण स्पीकर आणि डोकं एकाच खोक्यात असलं की डोकं गेल्यावर स्पीकरही जातो. डबी वेगळी असेल तर ती काढून दुसरी लावता येते, खोकी तशीच राहतात.

खरखर:

+१. २०२४ च्या अ‍ॅपच्या वेळी घरात माझ्या नावाने बराच शंख झाला होता, ते आत्ता आठवलं. तरी रोजच्या वापराला सोपं आहे हे म्हणणं कायम.

माजघर:

सगळ्यांचे आभार. @शून्य डेसिबल, राउटर मधल्या पॅसेजमध्ये आणता येईल असं दिसतंय, वायर छताच्या कडेने न्यावी लागेल. @जुनाट, अ‍ॅम्पच्या मागे टॉर्च मारून पाहिलं, ऑक्सची जोडी मोकळी आहे. धुळीचा थर सोडला तर अडचण नाही.

पण बाकीच्या तीन खोल्यांत अ‍ॅम्प नाही, तिथे तयार स्पीकरच लागतील. घरात अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही, मग एअरप्ले की कास्ट? आणि बाबांचं काय?

मंद्रसप्तक:

दोन्ही चालणारं घ्या, असे स्पीकर आणि स्ट्रीमर मिळतात. फक्त खोक्यावरची चिन्हं नीट बघा, कारण एकाच कंपनीच्या एका मॉडेलमध्ये कास्ट असतं आणि त्याच्या धाकट्या भावात नसतं. सोनोसमध्ये एअरप्ले २ आहे, कास्ट नाही.

वापरातला फरक लक्षात घ्या. कास्टमध्ये फोन फक्त हुकूम देतो, गाणं स्पीकर स्वतः इंटरनेटवरून ओढतो. त्यामुळे फोन घेऊन तुम्ही घराबाहेर पडलात तरी स्वयंपाकघरातलं गाणं चालू राहतं. स्पॉटिफाय कनेक्टचंही तसंच. एअरप्लेमध्ये आयफोनवरून लावलेलं गाणं बहुतेकदा फोनमधूनच जातं, फोन बाहेर गेला की गाणं बंद. आयफोनवरूनही कास्ट करता येतं, पण ज्या अ‍ॅपमध्ये कास्टचं चिन्ह असेल त्यातूनच. अँड्रॉइडमध्ये एअरप्ले मुळात नसतं. थोडक्यात तुमच्या घरात दोघांना एकाच दाराने आत यायचं असेल तर कास्ट किंवा कंपनीचं स्वतःचं अ‍ॅप.

एक मर्यादा: एअरप्लेचा ग्रुप आणि कास्टचा ग्रुप वेगवेगळे. एका ग्रुपमधला स्पीकर एअरप्लेने आणि दुसरा कास्टने, असं एकत्र वाजत नाही. चारही खोल्यांत एकच गाणं हवं असेल तर निदान एक भाषा चौघांनाही आली पाहिजे.

जुनाट:

बाबांसाठी प्रीसेटची बटणं असलेला स्पीकर बघा. स्पीकरवर किंवा रिमोटवर १, २, ३ अशी बटणं असतात, प्रत्येकावर एक इंटरनेट रेडिओ स्टेशन किंवा प्लेलिस्ट बसवून ठेवता येते. बटण दाबलं की लागलं. टच नको, दाबल्यावर बोटाला कळणारं बटण हवं. गुळगुळीत काचेवर बोट कुठे टेकलं तेच वयस्कर माणसाला कळत नाही, आणि धूळ पुसताना आवाज आपोआप वाढतो तो वेगळाच.

हार्ड डिस्कसाठी लिरियन म्युझिक सर्व्हर बघा. हे त्या बंद पडलेल्या स्क्वीझबॉक्सचंच सॉफ्टवेअर, मुक्त स्रोत असल्यामुळे लोकांनी जिवंत ठेवलंय. लॉजिटेकची स्क्वीझबॉक्ससाठीची वेबसाइट २०२४ मध्ये बंद झाली तरी घरातल्या सर्व्हरवर जुन्या पेट्या आजही वाजतात. रास्पबेरी पायवर (तळहाताएवढा स्वस्त कॉम्प्युटर) किंवा चालू ठेवता येईल अशा जुन्या कॉम्प्युटरवर बसतं, फ्लॅक चालतात, ट्रॅक विनाखंड लागतात. थोडी खटपट आहे, रविवार जाईल.

माजघर:

रविवार द्यायची तयारी आहे. मग असं ठरवतोय: आधी राउटर पॅसेजमध्ये हलवतो. मग हॉलच्या अ‍ॅम्पला कास्ट आणि एअरप्ले दोन्ही असलेला एक स्ट्रीमर आणि स्वयंपाकघरात त्याच कंपनीचा एक स्पीकर, एवढंच आणून पॅसेजमध्ये उभं राहून तबला ऐकतो. थाप एकदाच आली तर बाकीच्या दोन खोल्या, त्यातही आधी बाबांची. टीव्हीचा नाद सोडला.

एकच शंका राहिली. बाबांना बटणावर लावायची स्टेशनं इंटरनेटवरची. इंटरनेट गेलं पण घरातलं वायफाय चालू असलं तर त्या बटणांनी काहीच वाजणार नाही का?

शून्य डेसिबल:

स्टेशन वाजणार नाही. कास्टही अशा वेळी बहुतेक रुसतं. लिरियनवरच्या तुमच्या फायली घरातल्या घरात वाजतील, म्हणून तो सर्व्हर ओळखणारा स्पीकर मिळाला तर एका बटणावर इंटरनेट स्टेशनऐवजी हार्ड डिस्कवरची बाबांच्या आवडीची प्लेलिस्ट बसते का ते बघा. घ्यायच्या आधीच राउटरच्या मागची इंटरनेटची वायर काढून करून बघता आलं तर बघा. आणि त्यांचा जुना रेडिओ असेल तर तो टाकू नका.