कॅलिफोर्नियात लेकीला आणि कुत्र्याला लसीतून सूट मिळते का?

सनीव्हेलची_आई
नमस्कार मंडळी, दोन प्रश्न आहेत, दोन्ही लसींचेच म्हणून एकत्रच विचारते. आम्ही पुण्याहून सनीव्हेलला आलो, लेक पाच वर्षांची आहे, ऑगस्टमध्ये किंडरगार्टन सुरू होईल. आत्तापर्यंत आजीपाशी घरीच होती त्यामुळे शाळेचे कागद पहिल्यांदाच करतोय. तिच्या काही लसी मनपाच्या दवाखान्यात झाल्यात काही प्रायव्हेट डॉक्टरांकडे. तिला अंड्याची अॅलर्जी आहे आणि लहानपणी डीपीटीनंतर दोन दिवस ताप होता, त्यामुळे सासूबाई म्हणतायत की आता आणखी टोचू नका, सूट मागा. दुसरं म्हणजे इथे आल्यावर आम्ही शेरू नावाच्या कुत्र्याला अॅडॉप्ट केलं, गेल्या वर्षी त्याला तो रक्ताचा आजार झाला ज्यात शरीर स्वतःच्याच लाल पेशी मारतं, अजून स्टेरॉइडवर आहे. व्हेट (प्राण्यांच्या डॉक्टर) म्हणाल्या रेबीजची लस आत्ता देणं धोक्याचं आहे, पण काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाची, कुत्र्याच्या लायसन्सची नोटीस आलीये. काय करायचं?

फ्रीमाँटवाली
अगं आधी लेकीचं सांगते. कॅलिफोर्नियात धार्मिक किंवा 'आमची इच्छा नाही' अशी सूट आता नाहीच, २०१४च्या डिसेंबरात डिस्नेलँडमधून गोवर पसरला त्यानंतर २०१५ मध्ये एसबी २७७ कायदा झाला आणि २०१६ च्या जुलैपासून फक्त वैद्यकीय सूट उरली. तीही २०२१ पासून डॉक्टरांना राज्याच्या ऑनलाइन सिस्टिममधूनच द्यावी लागते, साध्या चिठ्ठीवर शाळा घेत नाही. एका डॉक्टरने वर्षात पाच किंवा जास्त सूट दिल्या तर राज्य त्या तपासतं. आणि अंड्याची अॅलर्जी हे एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेलाची लस) टाळायचं कारण धरलं जात नाही, डीपीटीनंतर साधा ताप येणं हेही नाही. सासूबाईंची काळजी समजते मला, पण त्यासाठी धडपड करू नकोस.

तुझी खरी अडचण वेगळीच असेल. पुण्याचं कार्ड काढ आणि तारखा बघ. आपल्याकडे गोवराची पहिली लस नऊ महिन्यांना देतात, इथे पहिल्या वाढदिवसाच्या आधीचा डोस मोजत नाहीत (चार दिवसांची सवलत आहे तेवढीच), म्हणजे त्यानंतरचे दोन एमएमआर दाखवावे लागतील. पोलिओचे थेंब तर १ एप्रिल २०१६ नंतरचे इथे धरत नाहीत कारण तेव्हापासून थेंबात दोनच प्रकारचे विषाणू राहिले, इथे तिन्ही प्रकारांपासून संरक्षण लागतं. पोलिओचं इंजेक्शन असेल तर धरतात. कांजिण्यांचे दोन डोस लागतात आणि ती लस आपल्या सरकारी यादीत नाहीये, त्यामुळे मनपात झाली नसणार, प्रायव्हेटच्या फाइलमध्ये शोध. बाकी हेपॅटायटिस बी तीन आणि धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याचे (म्हणजे डीपीटीचे) पाच, पण एक डोस चौथ्या वाढदिवसानंतरचा असेल तर चार चालतात.

मिलिंद_न्यूजर्सी
इतकं कशाला? आमच्या इथे ओळखीतल्या एका कुटुंबाने धार्मिक कारणाचं पत्र दिलं, शाळेने निमूट घेतलं. तुम्हीही एक पत्र लिहून द्या.

फ्रीमाँटवाली
मिलिंदजी, न्यूजर्सीत ती सोय आहे, कॅलिफोर्नियात नाही. न्यूयॉर्कनेही २०१९ मध्ये काढून टाकली. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, आणि जिथे सूट आहे तिथेही ती आहे म्हणून घ्यावी असं मला अजिबात वाटत नाही. २०२५ मध्ये पश्चिम टेक्सासमध्ये गोवराची साथ आली, ७६२ केसेस झाल्या आणि लस न घेतलेली दोन शाळकरी मुलं गेली. टेक्सासमध्ये तर साधं प्रतिज्ञापत्र देऊन सूट मिळते.

व्हेटक्लिनिकमधली_रेवा
मी इथे एका क्लिनिकमध्ये काम करते, शेरूबद्दल सांगते. राज्याच्या कायद्याने तीन महिन्यांच्या वरच्या प्रत्येक कुत्र्याला रेबीजची लस सक्तीची आहे आणि लायसन्सही काढावं लागतं. पण २०१२ पासून सूट आहे, आणि शेरूसारख्यांसाठीच आहे. लसीमुळे जिवाला धोका आहे असं व्हेटनी सही करून लिहायचं, तुम्ही परिणामांची जबाबदारी घेता असं तुमच्या सहीने लिहायचं आणि अर्ज काउंटीच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे व्हेटच पाठवतात. मंजुरी त्यांच्या हातात. व्हेटची चिठ्ठी घेऊन तुम्ही गप्प बसलात तर ती सूट नव्हे, नोटिसा येतच राहतील. काही लोक विचारतात रक्ताची टायटर टेस्ट (अँटिबॉडी किती आहेत ते मोजणारी) करून भागेल का, तर नाही, लसीच्या जागी ती चालत नाही.

आता अटी नीट वाचा. सूट असलेला कुत्रा कायद्याच्या नजरेत लस न घेतलेलाच असतो. अधिकारी त्याला घराच्या आवारातच ठेवायला सांगू शकतात, बाहेर काढलं तर सहा फुटांपेक्षा लांब नसलेला पट्टा आणि तो मोठ्या माणसाच्याच हातात, म्हणजे लेकीच्या हातात पट्टा द्यायचा नाही. रेबीजची लस चालू नसलेल्या कुत्र्या-मांजरांशी संपर्क नको, त्यामुळे डॉग पार्क विसराच. इथे वटवाघळांत आणि स्कंकमध्ये रेबीज आहे, रात्री त्याला अंगणात एकटं सोडू नका हो, अशा जनावराशी झटापट झाली तर लस नसलेल्या कुत्र्याचं फार वाईट होतं.

सनीव्हेलची_आई
दोघींचे मनापासून आभार. कार्ड बघितलं, एमएमआर पंधरा महिन्यांचा आहे आणि दुसरा राहिलाय, पोलिओचे सगळे थेंबच दिसतायत. कांजिण्यांचा एकच. म्हणजे सगळं पूर्ण होईपर्यंत शाळेत घेणारच नाहीत का?

फ्रीमाँटवाली
घेतात. प्रत्येक लसीचा निदान एक मोजता येणारा डोस झालेला असेल आणि पुढच्याची तारीख अजून उलटली नसेल तर कंडिशनल अॅडमिशन मिळतं, मग वेळापत्रकाप्रमाणे उरलेले दाखवत जायचे. त्यामुळे पोलिओचं पहिलं इंजेक्शन आत्ताच देऊन टाक, एमएमआर आणि कांजिण्यांचा राहिलेला डोस त्याच दिवशी देता येतो. कार्डाचे फोटो डॉक्टरांना आधीच पाठव म्हणजे ते तारखा लावून ठेवतील. आणि हो, तुमच्या सांता क्लारा काउंटीत टीबीचा फॉर्मही लागतो. आपल्या मुलांना बीसीजी (टीबीची लस) दिलेली असते, त्यामुळे हातावरची टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, रक्ताची टेस्ट सांग.

सनीव्हेलची_आई
बरं झालं सांगितलंत. रेवा, शेरूची सूट एकदा मिळाली की कायमची ना?

व्हेटक्लिनिकमधली_रेवा
नाही, दरवर्षी नव्याने अर्ज करावा लागतो. दर वेळी व्हेट तब्येत बघून ठरवतील, स्टेरॉइड बंद होऊन तो सावरला तर कदाचित लसही देतील.